पाण्यातून परत यायला शिकवणे



मला दिलेला विषय प्रश्नाच्या रूपात आहे. लहान मुलांना, अगदी रांगत्या बाळांनासुद्धा, जीव वाचण्यापुरतं पोहणं शिकवावं का? प्रश्न कुठून आला ते मला ठाऊक आहे. तुमच्यातल्या निम्म्या लोकांच्या मोबाईलवर तो व्हिडिओ येऊन गेला असणार. आठ-दहा महिन्यांचं बाळ तलावात पडतं, क्षणभर पाण्याखाली जातं, मग आपलं आपण उताणं होऊन तरंगत राहतं. आणि मग लसीकरणाला आलेली एखादी आई मला विचारते, "डॉक्टर, आमच्या सोसायटीतपण असा क्लास निघालाय. घालू का?"

तिला मी जे सांगतो ते तीन वाक्यांत मावतं. एक वर्षाच्या आतल्या बाळाला शिकवल्याने ते बुडण्यापासून वाचतं, याला पुरावा नाही. एक ते चार या वयात शिकवण्याचा उपयोग होतो, पण मोठ्या माणसाची नजर आणि पाण्यावरचं झाकण यांची जागा ते शिक्षण घेऊ शकत नाही. आणि सहाव्या वर्षानंतर प्रत्येक मुलाला आणि प्रत्येक मुलीला हे आलंच पाहिजे. इथे खाली बसलो तरी व्याख्यान झालं म्हणता येईल. पण ही व्याख्यानमाला एका क्रीडाशिक्षकांच्या नावाने चालते, आणि तिसऱ्या वाक्यातलं जे काम ते आयुष्यभर करत होते ते आपल्या पिंपरी-चिंचवड-चाकण पट्ट्यात आज जवळजवळ बंद पडलं आहे. म्हणून थोडा वेळ घेणार आहे.

आधी आपल्या पाण्याकडे बघू. पवना, इंद्रायणी, मुळा या तीन नद्या पिंपरी-चिंचवड शहराला लागून. पलीकडे चाकणच्या बाजूला भामा आणि भीमा. थेरगावचा केजुबाई बंधारा, रावेतचा बंधारा, मोशीच्या दगडखाणींत साचलेलं पाणी, खेड-मावळातली प्लास्टिक अंथरलेली शेततळी, बांधकामाच्या जागेवरचे हौद आणि लिफ्टचे खड्डे. २०२५च्या मे महिन्याच्या अखेरीस चाकणजवळ मेदनकरवाडी परिसरातल्या तळ्यात चार शाळकरी मुलं बुडाली. त्यानंतर पंधरवड्याने, १५ जूनला, कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल कोसळून चार माणसं गेली. त्याच्या आदल्या वर्षी, ३० जून २०२४ला, भुशी धरणामागच्या धबधब्यात पुण्याच्या एकाच कुटुंबातली पाच जणं वाहून गेली, त्यात बहुतेक मुलंच होती. अशा घटनांच्या बातम्या होतात, कारण एकदम चार-पाच जीव जातात. एकेकटं मूल गेलं की पान चारवर दोन इंचांची बातमी येते, आणि घरातल्या घरात गेलेलं तान्हं मूल कित्येकदा तेवढीही जागा घेत नाही. देशात बुडून मरणाऱ्यांची सरकारी नोंद वर्षाला पस्तीस हजारांच्या वर आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४च्या अहवालानुसार २०२१ साली जगात सुमारे तीन लाख माणसं बुडून मेली, आणि त्यांतली जवळजवळ चौथा हिस्सा पाच वर्षांच्या आतली मुलं होती.

पाच वर्षांच्या आतलं मूल नदीवर जात नाही. मग ते बुडतं कुठे?

पिंपरी-चिंचवडला २०१९च्या नोव्हेंबरपासून दिवसाआड पाणी येतं. हा विषय आपण टँकर, हंडे आणि मोर्चे यांच्या भाषेत बोलतो, बालरोगाच्या भाषेत बोलत नाही. दिवसाआड पाणी म्हणजे घरोघरी साठवण. निळं दोनशे लिटरचं पिंप, त्याच्या शेजारी दोन टब, चार बादल्या, चाळीच्या मधोमध जमिनीखालची टाकी आणि तिच्यावर अर्धवट सरकवलेला पत्रा. दहा महिन्यांचं बाळ बादलीचा काठ धरून उभं राहतं. आत हलणारं पाणी दिसतं म्हणून वाकतं. या वयात डोकं शरीराच्या मानाने फार जड असतं, तोल पुढे जातो, आणि डोकं खाली, पाय वर अशा स्थितीत अंग वर ओढायला दंडात ताकद नसते. पंधरा-वीस लिटर पाण्याने भरलेली बादली तेवढ्या धक्क्याने कलंडतही नाही. नाकतोंड बुडेल एवढं पाणी पुरतं, म्हणजे चार बोटं. आवाज होत नाही. चार वर्षांचं मूल पिंपापर्यंत पोचतं ते वीट किंवा स्टूल सरकवून, आत पडलेला मग काढायला.

आवाज होत नाही, हे पुन्हा सांगतो, कारण सिनेमाने आपल्याला उलटं शिकवलं आहे. बुडणारा ओरडत नाही. ओरडायला श्वास लागतो, आणि त्याची सगळी धडपड श्वासासाठीच चाललेली असते. हात हलवून बोलावणंही जमत नाही. हात दोन्ही बाजूंना पाण्यावर दाबले जातात, तोंड वरखाली होतं. न्यूयॉर्कच्या किनाऱ्यावर जीवरक्षकाचं काम केलेल्या फ्रँक पिया यांनी हे चित्रफितींवरून नीट नोंदवलं. मोठा माणूस असा मिनिटभर टिकतो, लहान मूल वीस सेकंदही पुरते टिकेल असं नाही. आई शेजारच्या खोलीत पोळ्या करत असते.

आता त्या व्हिडिओतल्या बाळाकडे येऊ.

बाळांना जन्मतः पोहता येतं, ही समजूत तशी निराधार नाही. १९३९ साली अमेरिकेत मर्टल मॅग्रॉ नावाच्या संशोधिकेने तान्ह्या मुलांना पाण्यात पालथं धरून त्यांच्या हालचाली टिपल्या. पहिल्या काही महिन्यांत बाळ तालात हातपाय हलवतं आणि श्वास रोखतं. पाणी चेहऱ्याला लागलं की घसा मिटतो, हृदयाचे ठोके मंदावतात. पुढे काही महिन्यांनी ही प्रतिक्रिया विरते, मूल नुसतं गोंधळून धडपडतं, आणि मुद्दाम केलेल्या हालचाली बऱ्याच नंतर येतात. यातली महत्त्वाची गोष्ट अशी की त्या पहिल्या काळातही बाळ श्वास घ्यायला डोकं वर काढत नाही. त्याला पाण्यात हलता येतं, पण हवेपर्यंत पोचता येत नाही.

फ्लोरिडात हार्वी बार्नेट यांनी १९६६पासून बाळांना उताणं वळून तरंगायला शिकवण्याची एक पद्धत बसवली. सहा महिन्यांच्या पुढचं मूल, रोज दहाच मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस, असे काही आठवडे. शेवटी कपड्यांसकट परीक्षा. तुमच्या मोबाईलवरचे व्हिडिओ बहुतेक या पद्धतीचे किंवा तिच्या नकलेचे असतात. फ्लोरिडात घरामागे तलाव असतो, दार उघडं राहिलं की बाळ थेट त्यात. तिथे ही कल्पना का सुचली ते समजतं. पण ही पद्धत बाळांचे मृत्यू कमी करते का, याचा भक्कम अभ्यास झालेला नाही. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ साली स्पष्ट लिहिलं की एक वर्षाखालच्या बाळांच्या वर्गांनी बुडण्याचा धोका घटतो असा पुरावा नाही. शिवाय तान्हं मूल पाण्याखाली वारंवार गेलं की बरंच पाणी गिळतं, रक्तातलं सोडियम उतरतं आणि झटके येऊ शकतात. असे रुग्ण वैद्यकीय नियतकालिकांत नोंदले गेले आहेत.

आणि समजा, शिकलंही. बादलीत डोकं खाली असलेल्या बाळाला उताणं कुठे वळायचं? आपल्याकडचं बाळ ज्या पाण्यात बुडतं तिथे या कौशल्याला जागाच नाही. सोसायटीच्या तलावात बाळाला छातीशी धरून अर्धा तास खेळवा, पाणी कोमट असेल, स्वच्छ असेल तर मजा आहे, माझी हरकत नाही. मात्र त्याची फी सुरक्षिततेच्या खात्यावर लिहू नका. त्या पैशात पिंपाला घट्ट बसणारं, कडी असलेलं झाकण येतं आणि न्हाणीघराच्या दाराला वरच्या बाजूला एक बोल्ट बसतो.

एक ते चार या वयाचं उत्तर जरा वेगळं आहे. २००९ साली अमेरिकेत एक अभ्यास आला. त्यात या वयाची बुडालेली मुलं आणि त्यांच्याच वयाची इतर मुलं यांची तुलना केली होती, आणि रीतसर पोहणं शिकलेल्या मुलांत बुडण्याचा धोका ८८ टक्क्यांनी कमी दिसला. आकडा मोठा, पण मुलांची संख्या लहान, त्यामुळे त्या ८८ला फार चिकटू नये. तरीही लहान वयात शिकवल्याने मूल पाण्याला सोकावतं आणि धोका उलट वाढतो, ही आधीची भीती त्याने दूर केली. त्यानंतर तिथल्या बालरोगतज्ज्ञांनी चार वर्षांआधी नको, हा आपला जुना सल्ला सैल केला. ज्यांना परवडतं, ज्यांच्याजवळ चांगला तलाव आणि शिकवणारा आहे, त्यांनी तीन वर्षांच्या मुलाला जरूर घालावं. हात लांब केला की मुलाला लागेल एवढ्या अंतरावर स्वतः मात्र थांबावं.

पण सगळ्यात जास्त शिकण्यासारखं अमेरिकेत नाही, बांगलादेशात आहे. तिथे २००३ साली मोठी पाहणी झाली, आणि एक वर्षापुढच्या मुलांचा सगळ्यात मोठा मारेकरी बुडणं हा आहे, असं दिसलं. जुलाब, न्यूमोनिया यांच्यावर देशाने बरीच मात केली होती; घरामागचं तळं तसंच होतं. लहानगी मुलं बुडत ती मुख्यतः सकाळी नऊ ते दुपारी एक या वेळात, कारण तेव्हा आई स्वयंपाकात आणि बाप कामावर. तिथल्या संशोधकांनी मग दोन वेगळ्या गोष्टी केल्या. पाच वर्षांच्या आतल्या मुलांसाठी गावातल्याच एखाद्या बाईच्या घरी त्या चार तासांचं पाळणाघर, त्याला नाव 'आँचल'. आणि चार वर्षांच्या पुढच्या मुलांसाठी गावच्याच तळ्यात बांबूचा मचाण-पिंजरा बांधून, उथळ तळ करून, पोहण्याचे वर्ग. गावातलेच तरुण शिकवणार, मुलींना बाया शिकवणार. २००६ ते २०१० या काळात हजारो मुलांवर लक्ष ठेवून निष्कर्ष निघाला, तो २०१२ साली छापून आला. पाळणाघरात जाणाऱ्या मुलांत बुडून मरण्याचं प्रमाण ८० टक्क्यांहून अधिक घटलं, पोहायला शिकलेल्यांत ९० टक्क्यांहून अधिक. २०२२ साली त्या सरकारने १६ जिल्ह्यांत ८,००० पाळणाघरांची योजना मंजूर केली.

मला यात सगळ्यात मोलाची वाटते ती वयाची फोड. लहानग्याला सांभाळायचं, मोठ्याला शिकवायचं. जागतिक आरोग्य संघटनाही आज हेच सांगते, फक्त ती शिकवण्याचं वय सहापासून धरते.

मग आपल्या पट्ट्यातले 'नऊ ते एक' कोणते? फर्स्ट शिफ्टला सकाळी सातच्या आत गेटवर हजर राहावं लागतं. बाप कंपनीत, आई कुणाच्या घरी किंवा पॅकिंगच्या कामावर, आणि खोलीत नऊ वर्षांची बहीण दीड वर्षांच्या भावाला राखते. २०२५पर्यंत यासाठी वेगवेगळे कायदे होते. कारखाने कायदा १९४८, तीसहून अधिक स्त्रिया कामाला असतील तिथे पाळणाघर. बांधकाम मजुरांचा १९९६चा कायदा, पन्नासहून अधिक बायका असतील तिथे. प्रसूती लाभ कायद्यातली २०१७ची दुरुस्ती, पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे. आता हिशेब करा. कंत्राटदार पंचेचाळीस बायका ठेवायचा आणि उरलेल्या दुसऱ्या कंत्राटदाराच्या नावावर टाकायचा. तारा मोबाईल क्रेशेससारख्या संस्था बांधकामाच्या जागांवर वर्षानुवर्षं पाळणाघरं चालवत आल्या आहेत. त्यांचं काम शिक्षण आणि पोषण या खात्यात मोजलं जातं. ते बुडणं टाळण्याचंही काम आहे, हे कुणी त्यांच्या अहवालात लिहीत नाही. लिहायला हवं, म्हणजे निधी देणाऱ्याला वेगळा रकाना दिसेल.

आता मोठ्या मुलांकडे. इथे मी जरा रेंगाळणार आहे.

आपल्याकडे पोहायला शिकवण्याची पद्धत नव्हती असं मुळीच नाही. खेड, मावळ, जुन्नर, कुठल्याही गावात जा, साठीच्या पुढचा माणूस सांगेल. एप्रिलमध्ये परीक्षा संपली की विहीर. पाठीला वाळका भोपळा बांधायचा, नाहीतर पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा ओंडका. पुढे रॉकेलचा रिकामा डबा आला, मग ट्रकची ट्यूब. कमरेला दोर, दोराचं दुसरं टोक काठावरच्या काकाच्या हातात. पहिले दोन दिवस नुसतं तरंगायचं. मग भोपळा लहान व्हायचा, मग सुटायचा. या पद्धतीत शास्त्र होतं. पाच लिटर हवा कोंडलेलं भांडं पाण्यात जवळपास पाच किलोचा भार उचलतं, आणि पोराचं डोकं तेवढ्यात आरामात पाण्यावर राहतं. वाईटही होतं: काठावरून ढकलून देणं. त्याने काही जण पोहायला शिकले, आणि काही जण जन्मभर पाण्याला भ्याले. दुसऱ्या गटातले लोक आठवणी लिहीत नाहीत. शिवाय विहिरीवर मुली नसत. कोळी-भोयांच्या घरांत चित्र वेगळं असेल, पण कुणब्याच्या घरची मुलगी विहिरीवर जाई ती घागर घेऊन.

ही शाळा मोडली, आणि तिच्या जागी दुसरी आली नाही. वाकड-हिंजवडीकडे प्लॉट पडले तेव्हा विहिरी मुरमाने भरल्या. पवनेत आणि इंद्रायणीत आळंदीपर्यंत फेस तरंगतो, तिथे कुठला बाप मुलाला उतरवेल? आणि हा पट्टा वसला आहे तो बाहेरून आलेल्या माणसांनी. लातूर, बीड, वाशिम, गोरखपूर, गंजाम. यांतले कित्येक जण अशा मुलखातले की नदीला पाणी वर्षातून दोन महिने. चाकणच्या चाळीतल्या बारा वर्षांच्या पोराने आयुष्यात पहिल्यांदा पोटभर पाणी बघितलं ते खाणीत किंवा शेततळ्यात. मे महिना, खोलीवर पत्रा, घरी कुणी नाही. तो उतरणारच. त्याला 'जाऊ नको' म्हणणं एवढंच आपण केलेलं असतं.

शेततळ्याबद्दल दोन वाक्यं जास्त. २०१६पासून 'मागेल त्याला शेततळे' योजनेत ती गावोगाव झाली, दुष्काळी भागाला त्यांचा आधार आहे. पण अस्तराचं प्लास्टिक ओलं झालं, त्यावर शेवाळ धरलं की उतारावर पाय ठरत नाही. पोहता येणारा माणूससुद्धा काठाशी येऊन बाहेर निघू शकत नाही, दर वेळी घसरून परत आत जातो. उपाय स्वस्त आहे. चारही बाजूंनी गाठी मारलेला जाड दोर खुंट्याला बांधून पाण्यात सोडायचा, एक ट्यूब काठावर ठेवायची आणि कुंपण घालायचं. अनुदानाच्या अटीत हे असेल तर बिल निघण्यापूर्वी पाहणाऱ्या माणसाने फोटो मागितला पाहिजे.

मुलाला शिकवायचं काय? बटरफ्लाय नाही. फ्रीस्टाईलच्या लांब्याही नाहीत. कपड्यांनिशी, अचानक पाण्यात पडल्यावर वर येणं, उताणं होणं, श्वास घेत तरंगणं, वळून जिथून पडलो तो काठ शोधणं, आणि कसंही करून तिथपर्यंत पोचणं. बांगलादेशच्या वर्गांत पंचवीस मीटर अंतर आणि काही वेळ तरंगणं ही कसोटी धरली, आणि ते अंतर कुठल्याही हातापायाने कापलं तरी चालतं. हॉलंड हा देश कालव्यांवर वसलेला. तिथे मुलांची पोहण्याची पहिली पदविका मिळवायची तर सदरा, विजार आणि बूट घालून पाण्यात उतरावं लागतं. आपल्या कुठल्या तलावावर मुलाला शाळेच्या गणवेशात उडी मारायला सांगतात? उलट गणवेशात आला तर हाकलतात. आणि बुडणारं मूल तर गणवेशातच असतं.

तरंगण्यामागचं गणित मुलांना समजतं, सांगून बघा. छातीत हवा भरलेली असली की शरीर पाण्याहून किंचित हलकं असतं, अगदी किंचित. तेवढ्या हलकेपणावर फक्त चेहरा पाण्याबाहेर राहू शकतो. घाबरलेलं मूल हात वर करतं, पाण्याबाहेर काढलेल्या हाताचं वजन त्याला खाली दाबतं, आणि तोंड बुडतं. म्हणून पहिला धडा: कान पाण्यात जाऊ द्यायचे, हनुवटी आभाळाकडे, हात पाण्याखाली पसरलेले. कानात पाणी गेलेलं मुलांना आवडत नाही. निम्मा वेळ यातच जातो. शक्तीचा इथे फारसा संबंध नाही. मुरलीकांत पेटकर यांचं नाव या सभागृहात नवं नाही. १९६५च्या युद्धात गोळ्या लागून त्यांचा कमरेखालचा भाग निकामी झाला. मुंबईच्या नौदलाच्या रुग्णालयात उपचार म्हणून ते पाण्यात उतरले, आणि १९७२ साली हायडेलबर्गला पन्नास मीटर फ्रीस्टाईल ३७.३३ सेकंदांत पोहून भारताचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्णपदक घेऊन आले. पुढे त्यांनी टेल्कोत नोकरी केली. पाण्यात पायच लागतात असं म्हणणाऱ्या मुलाला मी हे नाव सांगतो. त्यांच्यावरचा सिनेमा आल्यापासून तर पुढचं मुलंच मला सांगतात.

या शिक्षणाची मर्यादाही सांगितली पाहिजे. तलावातलं पाणी उभं असतं, नदीचं नसतं. कुंडमळ्याला खडकात रांजणखळगे आहेत; गुडघाभर पाण्यात चालता चालता पाय एकदम पुरुषभर खोल खळग्यात जातो, आणि प्रवाह अंगाला कपारीशी दाबून धरतो. बंधाऱ्याखाली तर आणखी फसवं असतं. वरून पडणारं पाणी तळाशी जाऊन पृष्ठभागावर उलटं, बंधाऱ्याकडे फिरतं. त्यात सापडलेला माणूस वर येतो, परत भिंतीशी ओढला जातो, परत खाली. दिसायला ते पाणी शांत असतं, म्हणून तर पोरं तिथे उतरतात. तिथे पंचवीस मीटर पोहणारं मूल टिकणार नाही, चांगला पोहणाराही टिकत नाही. म्हणून अभ्यासक्रमात पाणी वाचायला शिकवणं हवं: कुठल्या पाण्यात उतरायचंच नाही. ते वर्गात फळ्यावर शिकवता येतं, त्याला तलाव लागत नाही.

तसाच दुसरा धडा कोरड्या जागेवरचा. आपल्याकडच्या बातम्या नीट वाचा. एक बुडाला, त्याला वाचवायला दुसरा गेला, दुसऱ्याला धरायला तिसरी. कपडे धुणाऱ्या मायलेकी, सख्खी-चुलत भावंडं. बुडणारा जो हाताला लागेल त्याच्यावर चढतो. तो त्याचा दोष नाही, शरीर तेच करतं. त्यामुळे मुलांना शिकवायचं ते असं: पाण्यात जायचं नाही. काठावर पालथं पडून काठी, ओढणी, साडी, फांदी पुढे करायची. पाच लिटरचा तेलाचा रिकामा कॅन झाकण घट्ट लावून फेकायचा, दोर बांधलेला असेल तर उत्तम. आणि गळा फाडून माणसं बोलवायची. आठ वर्षांच्या मुलीलाही हे जमतं.

कुणी म्हणेल, वाचवणारे आहेत की. आहेत, आणि आपलं भाग्य असं की राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी बटालियन आपल्या दाराशी, सुदुंबऱ्याला आहे. लोणावळ्याचे शिवदुर्ग मित्र आहेत, मावळातले वन्यजीव रक्षक आहेत, अग्निशामक दल आहे. ही मुलं रात्री-अपरात्री पाण्यात उतरतात, त्यांच्यापुढे मी हात जोडतो. पण बुडणाऱ्याला काही मिनिटंच असतात, आणि सुदुंबऱ्याहून गाडी निघून पोचेपर्यंत काम बहुतेक वेळा शोधाचं उरलेलं असतं.

मग करायचं कुणी? पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या प्राथमिक शाळा आहेत आणि त्याच महापालिकेचे पोहण्याचे तलाव आहेत. दोन्हींचा मालक एक, पण त्यांची गाठ पडत नाही. एक खातं शिक्षणाचं, दुसरं क्रीडेचं, आणि मधल्या जागेत मूल. तलावांवर सकाळ-संध्याकाळ गर्दी असते. दिवसभराच्या मधल्या वेळेचा विचार करा. एका तलावात तिसरीच्या वीस-वीस मुलांच्या दोन तुकड्या, एका तुकडीला पंधरा दिवस. शाळेचे एकशे ऐंशी दिवस धरले तर बारा फेऱ्या, म्हणजे तलावामागे वर्षाला ४८० मुलं. दहा तलाव धरले तर ४,८००. हे कागदावरचं गणित आहे हे मला कळतं. पावसाळा आहे, दुरुस्ती आहे, बस आहे, निवडणुकीची ड्यूटी लागलेले गुरुजी आहेत. अर्धं करा. तरी ते आजच्यापेक्षा फार जास्त आहे.

तलाव सुरक्षित पाहिजेत, हेही ओघाने आलं. २०२३च्या ऑक्टोबरमध्ये कासारवाडीच्या तलावावर क्लोरीन वायूची गळती होऊन पोहायला आलेल्या माणसांना रुग्णालयात न्यावं लागलं होतं. मुलांचा वर्ग चालवायचा तर क्लोरीनची टाकी वेगळ्या जागी, पाणी मुलाच्या छातीइतकं, आणि दहा मुलांमागे काठावर नुसतं बघत राहणारा एक माणूस पाहिजे. त्याच्या हातात मोबाईल नको.

चाकणला पालिकेचे तलाव नाहीत. तिथे ढाक्यात पोहण्याच्या वर्गांसाठी वापरली तशी उचलून नेता येणारी, जमिनीवर उभी करायची टाकी चालेल. २०१३च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ने नफ्याचे दोन टक्के समाजासाठी खर्च करायला लावले, आणि चाकणच्या कंपन्या तो खर्च करतात. बाकं येतात, संगणक येतात, प्रवेशद्वारावर नाव असलेली कमान येते. टाकीवरही नाव लिहिता येतं, चारही बाजूंनी.

मुलींबद्दल एकच. सहा ते नऊ हे वय धरायचं ते शास्त्रासाठी तर आहेच, पण आपल्या घरांसाठीही आहे. बारा-तेराव्या वर्षी पोरीला तलावावर पाठवायला आईबाप का-कू करतात, कपड्यांवरून वाद होतात. तिसरीत होत नाहीत. तेव्हा शिकलेलं पुढे साडीतही उपयोगी पडतं. शिकवायला बाई हवी, एवढी अट मान्य करावी.

शेवटचा भाग हातांनी करायचा आहे. बुडालेलं मूल बाहेर काढलं की आपल्याकडे त्याला उलटं टांगतात, खांद्यावर घेऊन पळतात, पोट दाबून पाणी काढतात. हे करू नका. पोटातलं पाणी काढण्याने फायदा नाही. ते उलटून श्वासनळीत जातं, आणि मोलाची मिनिटं जातात. मूल श्वास घेत नसेल तर त्याला उताणं ठेवा, डोकं किंचित मागे, नाक चिमटीत धरून तोंडावाटे पाच श्वास द्या, छाती वर येते का बघत. अगदी लहान बाळ असेल तर नाक-तोंड दोन्हींवर आपलं तोंड ठेवा, डोकं सरळच राहू द्या आणि गालात मावेल एवढीच हवा फुंका. प्रतिसाद नसेल तर छातीच्या मधोमध तीस दाब, दोन श्वास, पुन्हा तीस. दुसऱ्या कुणाला १०८ लावायला सांगा. हृदयविकाराच्या झटक्यात नुसते दाब चालतात असं तुम्ही ऐकलं असेल. बुडण्यात आधी हवा लागते, कारण कमी पडलेली गोष्ट तीच आहे.

व्यासपीठाच्या डाव्या बाजूला टेबलावर दोन बाहुल्या ठेवल्या आहेत, एक पाच वर्षांच्या मुलाएवढी आणि एक तान्ही. माझ्या दवाखान्यातल्या दोन सिस्टर तिथे थांबल्या आहेत. प्रश्न मी खाली उतरूनच घेतो. तोवर ज्यांच्या घरी लहान मूल आहे त्यांनी आधी त्या टेबलाशी यावं, आजी-आजोबांनी विशेषतः, कारण दिवसभर मूल तुमच्यापाशी असतं.